एका प्रश्नासाठी चार विभाग

आंतरविद्याशाखीय मेजरच्या, म्हणजे अनेक विभागांत मिळून शिकायच्या पदवीच्या मुख्य विषयाच्या, अर्जात पहिलाच रकाना असा होता: तुम्हाला कोणत्या प्रश्नाचा अभ्यास करायचा आहे, आणि तो एकाच विभागात राहून का करता येणार नाही? उत्तर दोन पानांत लिहायचं. आधीच्या सेमिस्टरचे ग्रेड, शिफारसपत्र, पुढच्या कोर्सेसची यादी हे सगळं त्याच्या खाली. इतर मेजरचे अर्ज मी पाहिले होते. नाव, रोल नंबर, ॲडव्हायझरची सही, झालं काम. अर्थशास्त्र घेणाऱ्याला अर्थशास्त्र का घेतोस असं कुणी दोन पानं विचारत नाही. आम्हाला विचारतात, आणि ते विचारायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. जुन्या विषयांत आधी काय शिकायचं, नंतर काय, हे कित्येक पिढ्यांनी ठरवून ठेवलेलं असतं. आमच्याकडे ते काम विद्यार्थ्याच्या प्रश्नाला करावं लागतं. प्रश्न ढिला असेल तर हाती उरतो तो चार विभागांतला सुटा सुटा माल.

माझा प्रश्न वाचनाबद्दलचा होता. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं, तरी वाचणारा शेवटापर्यंत अर्थ लावायचा थांबत नाही. ‘मुलाने चेंडू’ एवढं वाचलं की ‘फेकला’, ‘पकडला’ असलं काहीतरी येणार याची तयारी मनात झालेली असते; ‘फेकतो’ आलं तर अडखळायला होतं. ही तयारी नेमकी कधी होते आणि कशाच्या आधारावर? ‘ने’ हा प्रत्यय कुठे लागतो, कुठे नाही, हे भाषाविज्ञान सांगतं. वाचताना किती मिलिसेकंद अडखळलो हे मोजायची रीत मानसशास्त्राकडे आहे. पुढचा शब्द किती अपेक्षित होता याचा आकडा काढायला संगणकशास्त्र लागतं. आणि मेंदूत त्या क्षणी काय होतं हे मज्जाविज्ञान पाहतं. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवलं होतं की वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला, की साधारण ४०० मिलिसेकंदांच्या आसपास मेंदूच्या विद्युतलहरींत ठळक बदल दिसतो. हे एवढं एका विभागाच्या छताखाली मिळणार नव्हतं. दोन पानांत मी हेच लिहिलं.

मेजरचं नाव कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन कसं काम करतं याचा अभ्यास. हा विषय जन्मालाच आला तो अनेक विभागांच्या सरहद्दीवर. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने त्याची जन्मतारीख ११ सप्टेंबर १९५६ अशी सांगितली आहे. त्या दिवशी एमआयटीतल्या एका परिसंवादात ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा संगणकीय प्रोग्राम मांडला, नोम चॉम्स्कींनी भाषेच्या वर्णनाची प्रारूपं मांडली आणि खुद्द मिलर अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेवर बोलले. पुढे १९७८ मध्ये संशोधनाला पैसा देणाऱ्या स्लोन फाउंडेशनसाठी केलेल्या अहवालात एक षटकोन काढलेला होता. त्याच्या सहा कोपऱ्यांवर तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान, मानवशास्त्र, मज्जाविज्ञान, संगणकशास्त्र आणि मानसशास्त्र. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या व्हॅसार कॉलेजने या विषयात पदवी द्यायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्या षटकोनात कोपऱ्यांच्या पंधरा जोड्या होतात. पदवीच्या विद्यार्थ्याला त्यातल्या दोन-तीन जोड्या नीट सांभाळता आल्या तरी खूप झालं, आणि आमच्या मेजरचे नियम बरोबर याच हिशेबाने केलेले होते.

नियम असे होते. पदवीला १२० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, आमचा एक कोर्स तीन क्रेडिटचा), त्यांपैकी मेजरची ५४. त्यांत २१ क्रेडिटचा गाभा, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे सात कोर्स: विषयप्रवेश, मनाचं तत्त्वज्ञान, भाषाविज्ञानाची ओळख, बोधनाचं मानसशास्त्र, मेंदू आणि वर्तन, प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र. मग १८ क्रेडिट एका निवडलेल्या दिशेत, त्यांतले निम्मे तरी वरच्या पातळीचे. मग ९ क्रेडिट त्या दिशेच्या बाहेरच्या विभागांतून. उरलेले सहा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे, ज्याला सगळे कॅपस्टोन म्हणतात. प्रत्येक कोर्समध्ये किमान ‘सी’ ग्रेड हवा, आणि नुसतं पास-नापास ठेवून घेतलेला कोर्स मेजरमध्ये धरत नाहीत.

हे आकडे विद्यापीठागणिक बदलतात, आणि क्रेडिटचं मापही सगळीकडे एक नाही. युरोपातल्या पद्धतीत वर्षाचे ६० क्रेडिट असतात, त्यामुळे तीन वर्षांच्या पदवीचे १८० होतात. भारतात यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६०. त्या आराखड्यात आंतरविद्याशाखीय पदवीचं उदाहरण म्हणून इकॉनोमेट्रिक्स दिलं आहे: गाभ्याचे क्रेडिट अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्रात वाटून द्यायचे. आकडे कुठलेही असोत, आखणीमागचा विचार सगळीकडे तोच दिसतो. थोडं सगळ्यांना समान, मग एका बाजूला खोल, मग थोडं बाहेर, आणि शेवटी सगळं एकत्र आणणारं एक काम.

यातली ‘दिशा’ ही अट मुलांना सगळ्यात जाचक वाटते. आंतरविद्याशाखीय म्हटल्यावर हवं ते घेता यावं, अशी अपेक्षा असते. माझ्या वर्गातल्या एकाने तत्त्वज्ञानाचे दोन, मानवशास्त्राचे दोन, संगणकाचा एक आणि मज्जाविज्ञानाचा एक अशी यादी दिली होती. ती परत आली. सहाही कोर्स चांगले होते, पण सगळे पहिल्या-दुसऱ्या पातळीचे. सहा वेळा उंबरठ्यापर्यंत जाऊन परत आल्यासारखं ते झालं असतं. वरच्या पातळीचे निम्मे कोर्स हवेत, या अटीमुळे माणसाला कुठेतरी आत शिरावंच लागतं. मी ‘भाषा आणि संगणन’ ही दिशा घेतली, आणि तिथे मला नियमपुस्तिकेत न छापलेली एक गोष्ट कळली. आंतरविद्याशाखीय मेजर घेणाऱ्या प्रत्येकाला ती कुणीतरी पहिल्याच सेमिस्टरमध्ये सांगायला हवी.

गोष्ट पूर्वअटींची. मला शेवटी मशीन लर्निंगचा कोर्स करायचा होता. तो दिशेच्या यादीत होता, तीन क्रेडिटचा. त्याला पूर्वअट दोन कोर्सेसची: डेटा स्ट्रक्चर्स आणि रेषीय बीजगणित. डेटा स्ट्रक्चर्सला प्रोग्रामिंगचा दुसरा भाग लागतो, त्याला पहिला भाग. रेषीय बीजगणिताला कॅल्क्युलस. यांतला फक्त प्रोग्रामिंगचा पहिला भाग मेजरच्या गाभ्यात होता. बाकीचे चार कोर्स, म्हणजे बारा क्रेडिट, मेजरच्या ५४ मध्ये कुठेच नव्हते. कागदावर ५४ क्रेडिटचं मेजर, पण या दिशेने जाणाऱ्याला ते प्रत्यक्षात ६६ चं पडतं. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे जाणवतसुद्धा नाही, कारण त्याच्या मेजरमध्ये हे सगळं ओघानेच येतं.

माझ्या ॲडव्हायझर मॅडमनी यावर एक साधी रीत दाखवली. कागदाच्या उजव्या टोकाला शेवटचा हवा असलेला कोर्स लिहायचा आणि डावीकडे मागे मागे येत त्याच्या पूर्वअटी बाणांनी जोडत जायच्या. प्रत्येक कोर्सखाली तो कोणत्या सेमिस्टरमध्ये चालतो ते लिहायचं. दरवर्षी चालतो, की वर्षाआड? हा शेवटचा तपशील फार मोलाचा. प्रोग्रामिंगच्या पहिल्या भागापासून मशीन लर्निंगपर्यंत चार कोर्सेसची साखळी होते. त्यातला एखादा वर्षातून एकदाच चालत असेल आणि तो हुकला, तर पुढचं सगळं वर्षभर मागे पडतं. माझा तो कागद वेळापत्रकापेक्षा जास्त वेळा उघडला गेला. तो आखल्यावर मेजर मला पहिल्यांदा समोर पूर्ण दिसलं.

दुसरी अडचण जागांची. आपलं मेजर चार विभागांत पसरलेलं असतं, पण त्या चारही विभागांच्या दृष्टीने आपण बाहेरचे. वरच्या पातळीच्या कोर्सेसचं रजिस्ट्रेशन आधी विभागाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी उघडतं, जागा उरल्या तर इतरांसाठी. विभागाची बाजू मला समजते. त्यांच्या मुलांना तो कोर्स पदवीसाठी लागतो. पण आम्हालाही तो पदवीसाठीच लागत होता. आमच्या कार्यक्रमाने दोन विभागांशी बोलून काही जागा राखून ठेवलेल्या होत्या. तिसऱ्या विभागाशी तसा काहीच करार नव्हता, तिथे वेटलिस्टवर थांबावं लागलं. आंतरविद्याशाखीय मेजर खरंच चालवायचं असेल, तर अशा राखीव जागा लेखी ठरलेल्या असायला हव्यात. ते काम विद्यार्थ्याच्या चिकाटीवर सोडणं बरोबर नाही. मेजर निवडण्याआधी कुणी विचारलं, तर मी हाच प्रश्न पुढे करते: इतर विभागांच्या कोर्सेसमध्ये तुमच्या विद्यार्थ्यांसाठी जागा ठेवलेल्या आहेत का?

एका वर्षी मानसभाषाविज्ञानाचा कोर्स चाललाच नाही, शिकवणाऱ्या मॅडम अभ्यासरजेवर होत्या. त्याच्या जागी संगणक विभागातला नैसर्गिक भाषेवरच्या प्रक्रियेचा कोर्स धरावा म्हणून मी विनंती अर्ज दिला. अशा अर्जाला ‘मला आवडतो म्हणून’ हे कारण चालत नाही. मूळ कोर्स मेजरमध्ये कशासाठी ठेवलेला आहे ते आधी सांगायचं, मग बदली कोर्सचा सिलॅबस, वाचनयादी आणि मूल्यमापन लावून ते उद्दिष्ट कसं पुरं होतं ते दाखवायचं. समितीने एक शंका काढली: या कोर्समध्ये माणसावरचे प्रयोग कुठे आहेत? शंका रास्त होती. शेवटी मी त्या कोर्सचा अंतिम प्रकल्प माणसांच्या वाचनवेळेच्या खुल्या डेटावर करावा, या अटीवर मंजुरी मिळाली. त्या सरांनीही आनंदाने होकार दिला. हा अर्ज कोर्स सुरू होण्याआधी द्यायचा असतो. संपल्यावर दिलेल्या अर्जांचं बहुधा काही होत नाही.

दुहेरी मोजणीचा नियम मी स्वतंत्रपणे सांगते, कारण त्याच्याबद्दल तक्रारी फार ऐकू येतात. एक कोर्स मेजर आणि मायनर (दुय्यम विषय) अशा दोन्ही ठिकाणी मोजायला मर्यादा असते. आमच्याकडे ती सहा क्रेडिटची होती. मला संख्याशास्त्राचं मायनर हवं होतं, १८ क्रेडिटचं. गाभ्यातलं संख्याशास्त्र, दिशेतलं रिग्रेशन आणि प्रयोगांची आखणी असे तीन कोर्स दोन्हीकडे बसत होते, पण मोजता येणार होते दोनच. म्हणजे आणखी एक कोर्स घेणं आलं. मी मिश्र-परिणाम प्रारूपांचा घेतला. वाचनाच्या प्रयोगात एकच वाचक अनेक वाक्यं वाचतो आणि एकच वाक्य अनेक वाचक वाचतात, त्यामुळे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. तिथे नेमकी हीच प्रारूपं लागतात. पुढचा माझा सगळा प्रकल्प त्या कोर्सवर उभा राहिला. हा नियम नसेल तर एकाच मेजरच्या अभ्यासावर दोन-तीन बिरुदं चिकटवता येतात. आंतरविद्याशाखीय मेजरमध्ये ते सगळ्यात सोपं, कारण आमचे कोर्स आधीच सगळ्यांच्या याद्यांत असतात. म्हणून मला ही मर्यादा विद्यार्थ्याच्या बाजूची वाटते.

लहान नियम दोनच सांगते. मेजरचे निम्मे तरी क्रेडिट त्याच विद्यापीठात केलेले असावे लागतात; बाहेरून आणलेले क्रेडिट पदवीच्या बेरजेत धरले, तरी मेजरच्या बेरजेत धरतीलच असं नाही. आणि मेजर जाहीर केलं त्या वर्षीची नियमपुस्तिका आपल्याला लागू राहते, मध्येच नियम बदलले तरी. आमच्या नंतरच्या तुकडीसाठी गाभ्यात एक कोर्स वाढला, आम्हाला तो सक्तीचा नव्हता. त्या वर्षीच्या पुस्तिकेची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

आता कॅपस्टोन. याच्या नियमात मला सगळ्यात आवडलेली अट अशी: मार्गदर्शक दोन हवेत, दोन वेगळ्या विभागांचे, आणि दोघांनी स्वतंत्र ग्रेड द्यायचा. माझ्याकडे भाषाविज्ञानाच्या मॅडम आणि मानसशास्त्राचे सर होते. प्रयोग स्वगतीने वाचण्याचा: पडद्यावर एका वेळी एकच शब्द दिसतो, वाचकाने कळ दाबली की तो जातो आणि पुढचा येतो, आणि दोन कळींमधला वेळ नोंदला जातो. कर्त्याला ‘ने’ असलेली आणि नसलेली वाक्यं द्यायची, आणि क्रियापदापाशी किती वेळ लागतो ते बघायचं. शिवाय प्रत्येक शब्द आधीच्या शब्दांवरून किती अनपेक्षित होता याचा आकडा भाषा-प्रारूपातून, म्हणजे पुढच्या शब्दाची संभाव्यता सांगणाऱ्या प्रोग्राममधून, काढून त्या वेळेशी ताडायचा. हा आकडा म्हणजे शब्दाच्या संभाव्यतेचा ऋण लॉगॅरिदम; शब्द जितका अनपेक्षित, तितका तो मोठा. जॉन हेल यांनी २००१ मध्ये आणि रॉजर लेव्ही यांनी २००८ मध्ये तो वाचनाच्या अवघडपणाशी जोडून दाखवला होता.

पहिल्या एकत्र बैठकीतच दोघांच्या अपेक्षा समोरासमोर आल्या. सरांना हवं होतं की वाक्यांचे संच (तेच वाक्य ‘ने’सह आणि ‘ने’शिवाय) पुरेसे असावेत, एका वाचकाने एका संचातलं एकच रूप पाहावं, आणि विश्लेषण कसं करणार ते डेटा गोळा करण्याआधी लिहून ठेवावं. मॅडमनी माझी वाक्यं वाचली आणि म्हणाल्या, “यातलं हे वाक्य कुणी बोलतं तरी का गं?” संच समतोल व्हावेत म्हणून शब्दांचा क्रम मी इतका ताणला होता की काही वाक्यं व्याकरणात बसत होती, पण कानाला परकी लागत होती. शिवाय ‘ने’ भूतकाळापुरता नाही, ‘मुलाने अभ्यास करावा’ इथेही येतो, मग वाचकाची अपेक्षा एकाच रूपाची कशी धरायची, हा मुद्दा त्यांचाच. सरांच्या आग्रहाने प्रयोग भक्कम झाला. मॅडमच्या आग्रहाने तो मराठीचा झाला. एकच मार्गदर्शक असता तर यातली एक बाजू हमखास राहिली असती, म्हणून या अटीचं मोल मला फार वाटतं.

माणसांकडून डेटा घ्यायचा म्हणजे नीतिसमितीची परवानगी, मग प्रकल्प पदवीचा का असेना. या परवानगीमागची तत्त्वं माणसांवरच्या संशोधनाबद्दलच्या १९७९ च्या अमेरिकी बेलमाँट अहवालातली: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. नुसतं वाक्यं वाचायचं काम, तरी संमतीपत्र, माघार घ्यायची मोकळीक, नावं आणि वाचनवेळा वेगळ्या ठेवण्याची सोय, हे सगळं लिहून द्यावं लागलं. परवानगीआधी घेतलेला डेटा वापरता येत नाही. तेव्हा हा अर्ज कॅपस्टोनच्या आदल्या सेमिस्टरमध्येच तयार ठेवावा. ते एक सेमिस्टर परवानगीची वाट पाहण्यात गेलं, तर प्रयोगाला वेळच उरत नाही.

लिहिताना पुन्हा तोच पेच. मानसशास्त्राच्या लेखनात पद्धत, निकाल, चर्चा असे ठरलेले कप्पे. भाषाविज्ञानात उदाहरणांना क्रमांक देत युक्तिवाद पुढे नेतात. मी पहिलं प्रकरण भाषाविज्ञानाच्या वाचकासाठी आणि प्रयोगाचं प्रकरण मानसशास्त्राच्या वाचकासाठी लिहिलं, आणि शेवटच्या प्रकरणात दोघांना एकमेकांचं समजेल असं लिहायला सगळ्यात जास्त वेळ दिला. वाचकांचा नमुना लहान होता, म्हणून निष्कर्ष जपूनच मांडला. तोंडी परीक्षेत सरांनी मला प्रत्ययांवर विचारलं आणि मॅडमनी आलेखांवर. हे त्यांनी ठरवून केलं असावं.

पदवीनंतरच्या अर्जांसाठी एक तयारी मात्र पहिल्या वर्षापासून करावी. पुढच्या शिक्षणाला भाषाविज्ञान विभागात अर्ज केला की ते भाषाविज्ञानाचे क्रेडिट मोजतात, संगणक विभागात केला की संगणकाचे. आणि ट्रान्स्क्रिप्टवर आमच्या कार्यक्रमाचे स्वतःचे जे कोर्स दिसतात, त्यांच्या नावावरून आत काय शिकवलं ते कळत नाही. माझ्याकडून दोन ठिकाणी सिलॅबस मागितले गेले. मी प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, वाचनयादी आणि मोठ्या प्रकल्पाचं पहिलं पान एका फोल्डरमध्ये सेमिस्टरवार ठेवत आले होते. तेवढं जोडलं आणि सोबत अर्ध्या पानात कोणता कोर्स त्यांच्या कोणत्या अटीला लागू होतो याचा तक्ता दिला. दोन्हीकडे ते ग्राह्य धरलं.